वल्लूर आणि आमचे आहारपंडित

आयुर्वेदाचें नांव घेऊन दुसऱ्याच्या ताटावर निकाल देण्याची हौस अलीकडे आपल्या समाजांत फार बळावली आहे. एखादा पदार्थ दिसला, कीं त्यावर ‘तामस’ असा शिक्का मारावयाचा. नाहीं तर त्यांत ओळखीचे दोन मसाले सांपडले म्हणून ‘हें तर आमच्या ऋषींनीं केव्हांच सांगून ठेविलें आहे’ असें प्रशस्तिपत्र त्याला द्यावयाचें. ह्या दोहोंपैकीं एक प्रकार व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत आणि जेवणाच्या पंगतींत रोज पाहावयास मिळतो. शिक्का मारणारे आणि प्रशस्तिपत्र देणारे हे दोन पक्ष परस्परांचे वैरी असल्यासारखे भांडतात. परंतु आमच्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनींहि चरक उघडून पाहिलेला नसतो, आणि दोघांनाहि चरकाचें नांव मात्र हवें असतें.

ह्या दोन्ही पक्षांची परीक्षा करण्यासाठीं आम्ही मुद्दाम दूरचें उदाहरण घेतों. तुर्कस्तानांत ‘पास्तिर्मा’ नांवाचा एक पदार्थ आहे. मीठ लावून, दाबून, वाऱ्यावर वाळवून आणि मसाल्याच्या लेपांत मुरवून टिकविलेलें गाईबैलांचें मांस, असें त्याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. आपल्याकडे तो पदार्थ नाहीं. त्यामुळें त्याच्याविषयीं बोलतांना कोणाच्या जिभेची ओढ किंवा पोटाची सवय न्यायाच्या आड येणार नाहीं. दूरच्या ताटाविषयीं आपणांस न्यायानें बोलतां येतें कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि मग घरच्या ताटाकडे वळावें.

पास्तिर्म्याचें मुख्य गांव कायसेरी. अनातोलियाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या वर, एर्जियेस नांवाच्या ३,९०० मीटरांहून उंच अशा विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशीं हें शहर वसलेलें आहे. तेथील हवा कोरडी आणि हिवाळा कडक. सतराव्या शतकांतील प्रसिद्ध तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी यानें ह्या गांवच्या पास्तिर्म्याची वाखाणणी केली आहे. नोव्हेंबरच्या सुमारास, पहिली थंडी पडून गेल्यावर, जे कांहीं उबदार व कोरडे दिवस येतात त्यांना तुर्की भाषेंत ‘पास्तिर्म्याचा उन्हाळा’ असेंच नांव आहे. मांसाच्या मोठ्या तुकड्यांना चिरा पाडून त्यांत मीठ भरतात. मीठ मुरलें म्हणजे तें धुऊन टाकतात. तुकडे वाळवितात, वजनाखालीं दाबतात, पुन्हा वाळवितात आणि पुन्हा दाबतात. पास्तिर्मा हें नांवच मुळीं दाबणें ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आलें आहे. शेवटीं मेथीच्या दाण्यांचें पीठ, लसूण आणि तांबडी मिरची, व कोठें कोठें जिरेंहि, घालून केलेला ‘चेमेन’ नांवाचा जाड लेप त्यावर थापतात, आणि लेपासकट तें पुन्हा वाऱ्यावर टांगतात. सुमारें महिनाभर हें काम चालतें. खातांना त्याचे कागदासारखे पातळ काप करतात. ते नुसते खातात, अंड्यांबरोबर तव्यावर परततात, किंवा पांढऱ्या घेवड्याच्या रश्शांत घालतात.

आतां आमचा पहिला पक्ष पाहूं. त्याचें म्हणणें असें कीं, हें मांस शिळें, वाळलेलें व उग्र वासाचें, म्हणून तामस. आणि तामस आहाराचा आयुर्वेदानें निषेध केला आहे. ह्या एका वाक्यांत दोन चुका आहेत. आहाराची सात्त्विक, राजस आणि तामस अशी जी प्रसिद्ध वांटणी, ती भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांतील. माणसाच्या श्रद्धेचा आणि स्वभावाचा विचार चालला असतां ती तेथें आली आहे, आणि त्या जागीं ती योग्यच आहे. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सत्ताविसाव्या अध्यायांत, आहारद्रव्यांचे जे बारा वर्ग सांगितले आहेत ते शूकधान्य, शमीधान्य, मांस, शाक, फळ अशा क्रमानें आहेत. त्यांत सात्त्विकवर्ग नाहीं कीं तामसवर्ग नाहीं. सत्त्व, रज आणि तम हे चरकालाहि ठाऊक आहेत. पण तो ते काढतो मनाविषयीं बोलतांना. पदार्थाची परीक्षा तो रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव ह्यांनीं करतो. गीतेचें माप वैद्याच्या हातीं देणें म्हणजे सोनाराच्या कांट्यानें जळाऊ लांकूड जोखण्यासारखें आहे. कांटा खोटा नसतो. जोखणारा चुकलेला असतो.

दुसरी चूक शिळेपणाची. शिळें आणि टिकविलेलें ह्यांतील भेद ज्याला कळत नाहीं त्यानें आधीं आपल्या घरच्या फडताळांत डोकवावें. वैशाखांत गच्चीवर वाळत घातलेले पापड, सांडगे आणि कुरडया श्रावणांत तळून खाणाऱ्याला कोणी तामस म्हणत नाहीं. वर्षाचें लोणचें बरणींतून काढून वाढतांना कोणाला प्रहरांचा हिशेब आठवत नाहीं. तोच हिशेब मांसाचा तुकडा दिसतांच आठवावा, ह्यांत शास्त्र किती आणि शिसारी किती, हें वाचकांनींच ठरवावें.

मग वाळलेल्या मांसाविषयीं चरक खरोखर काय म्हणतो? त्याला हा पदार्थ परका नव्हता. संस्कृतांत त्याला ‘वल्लूर’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि अमरकोशकारानें तो शुष्क मांस ह्या अर्थीं नोंदविला आहे. सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत चरक सांगतो कीं, वल्लूर, वाळविलेल्या भाज्या, कमळाचे कंद आणि कमळाचे देंठ ह्यांचा अभ्यास करूं नये, कारण ते जड आहेत. येथें ‘अभ्यास’ ह्याचा अर्थ नित्य सेवन. निषेध आहे तो रोज खाण्याचा. आणि कारण दिलें आहे तें गौरवाचें, म्हणजे पचनास जड असण्याचें. पापाचा, विटाळाचा, तमोगुणाचा तेथें उल्लेखहि नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्याच श्लोकाच्या शेवटीं कृश प्राण्याच्या मांसाचा विषय निघतो, तेव्हां चरकाचें क्रियापद बदलतें. तें मांस वापरूंच नये, असें तो सांगतो. ज्याला पूर्ण बंदी घालावयाची तेथें पूर्ण बंदीचा शब्द वापरतां येत होता, त्यानें वल्लुराला तो शब्द लावलेला नाहीं. एका श्लोकाच्या दोन टोकांस दोन निरनिराळीं क्रियापदें ठेवणारा ग्रंथकार शब्द तोलून वापरीत होता, एवढें तरी आपण मान्य करावें.

पुढचे दोन श्लोक तर आमच्या पंडितांनीं मुखोद्गत करावे असे आहेत. नित्य खाऊं नयेत अशा वस्तूंत तेथें डुकराचें, गाईचें व म्हशीचें मांस आणि मासे आहेत. आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून दहीं, उडीद आणि फाटलेल्या दुधाचे पदार्थहि बसले आहेत. उलट नित्य सेवन करावें अशा वस्तूंत साठेसाळी, मूग, सैंधव, आंवळा, जव, पावसाचें पाणी, दूध, तूप आणि मध ह्यांच्या पंक्तींत जांगल प्राण्यांचें मांस आहे! वाग्भटानें अष्टांगहृदयांत हीच यादी वाढविली. तींत शुष्क मांसाच्या शेजारीं दहीं, उडीद, पावटे, पिठाचे पदार्थ आणि मोड आलेलीं धान्यें आलीं आहेत. म्हणजे रोज सकाळीं मोड आलेले मूग खाऊन आरोग्याचें पुण्य जोडणारा आणि दुपारीं दहींभात जेवणारा आमचा आहारपंडित, वाग्भटाच्या दरबारांत, कायसेरीच्या खाटकाच्या जवळच उभा राहतो. ज्यांना संस्कृत येत नाहीं त्यांच्यासाठीं गणेश कृष्ण गर्दे यांनीं ‘सार्थ वाग्भट’ मराठींत करून ठेविला आहे. तेव्हां भाषेची अडचण पुढें करण्यासहि जागा नाहीं.

गोमांसाविषयीं तर दोन्हीकडून अर्धवट बोललें जातें, म्हणून तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. चरकानें सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत पशुमांसांत सर्वांत अहितकर म्हणून गोमांसाचें नांव घेतलें आहे. आणि सत्ताविसाव्या अध्यायांत शुद्ध वातविकार, पीनस, विषमज्वर, कोरडा खोकला, श्रम, अत्यग्नि आणि मांसक्षय ह्यांत तेंच हितकर म्हटलें आहे. एक पक्ष पहिलें वचन सांगून दुसरें लपवितो, दुसरा पक्ष दुसरें सांगून पहिलें गिळतो. वस्तुतः दोहोंत विरोध नाहीं. निरोगी माणसाच्या नित्याच्या आहाराचा विचार एक आणि विशिष्ट रोग्याच्या गरजेचा विचार दुसरा. पशुमांसांत गोमांसाला जो शेवटचा क्रम मिळाला तोच शिंबीधान्यांत उडदाला मिळाला आहे. त्या क्रमावरून कोणी उडदाचे वडे पंगतींतून उठविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथवर वाचून दुसरा पक्ष खुष झाला असेल. तो म्हणेल, ‘पाहा, मेथी आहे, लसूण आहे, जिरें आहे, तुर्कांनीं नकळत आयुर्वेदच पाळला. मसाल्यानें मांसाचा दोष गेला.’ ह्या गृहस्थांचा समाचार अधिक कठोरपणें घेतला पाहिजे. कारण पहिल्या पक्षाच्या बोलण्यानें फार तर कोणी उपाशी राहील, ह्यांच्या बोलण्यानें कोणी आजारी पडेल. जिरें दीपन आहे, रुचि आणणारें आहे, वातकफ व दुर्गंध घालविणारें आहे, हें खरें. मेथीला भावप्रकाशानें वातशामक म्हटलें आहे, हेंहि खरें. परंतु लसूण? चरकानें लसणाचे गुण गातांना तो स्निग्ध, उष्ण आणि गुरु असल्याचें सांगितलें आहे. जडाला हलकें करण्यासाठीं जडच घातलें, तर वजन कमी कसें होणार? तांबडी मिरची तर सोळाव्या शतकांत अमेरिका खंडांतून जुन्या जगांत पसरलेली. तिला चरकाची संमति कोणत्या मार्गानें मिळाली? आणि ह्या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे मीठ. लेपाकडे बोट दाखविणारा आंत मुरलेल्या मिठाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं.

चरकानें मात्र काढला आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत तो सांगतो कीं, पिंपळी, क्षार आणि लवण हीं तीन द्रव्यें अतिप्रमाणांत वापरूं नयेत. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु आणि सौवीर ह्या देशांचे लोक दुधाबरोबरहि मीठ खातात असें उदाहरण तो देतो, आणि अति मिठाचीं फळें म्हणून ग्लानि, शैथिल्य, दुर्बलता, अकालीं टक्कल, अकालीं पिकलेले केंस व सुरकुत्या हीं मोजून दाखवितो. पास्तिर्म्यावर आयुर्वेदाचा खरा आक्षेप कोणता असेल, तर तो हा. आजचें शास्त्रहि ह्या बाबतींत सौम्य नाहीं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसास ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. तिच्याच कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं मीठ लावून, मुरवून किंवा धुरी देऊन टिकविलेलें मांस कर्करोगकारक ठरविलें. असें मांस दररोज ५० ग्रॅम खाण्यानें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो, असें तिनें सांगितलें. ह्याचा अर्थ शंभरांतील अठरा माणसें आजारी पडतात असा नव्हे. मूळचा जो धोका असेल तो तेवढ्या प्रमाणानें वाढतो. पण ‘दररोज’ हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. चरकाला कर्करोगाचें हें गणित ठाऊक होतें असें म्हणणारा पुन्हा आमच्या दुसऱ्या पक्षांतच जाऊन बसेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दोन्ही ठिकाणीं मुख्य प्रश्न नित्य सेवनाचा आहे, एखाद्या घांसाचा नव्हे.

मग योग्य रीत कोणती? ती विमानस्थानाच्या त्याच अध्यायांत आहे. आहाराचा निर्णय करतांना आठ गोष्टी पाहाव्या असें चरक सांगतो: द्रव्याची प्रकृति, त्यावर झालेला संस्कार, इतर द्रव्यांशीं संयोग, राशि म्हणजे प्रमाण, देश, काल, जेवण्याचे नियम आणि शेवटीं स्वतः जेवणारा. हीच कसोटी पास्तिर्म्याला लावून पाहा. प्रकृतीनें मांस जड. संस्कारानें त्यांतील पाणी जाऊन तें अधिक दाट झालें, मीठ चढलें, आणि मेथी-लसणाची भावना बसली. ह्यांतून गुणहि आले, दोषहि आले. संयोग अंड्यांचा किंवा घेवड्याचा, म्हणजे जडांत जडाचीच भर. राशि कागदासारख्या कापांची; आणि जड पदार्थ तृप्तीच्या निम्म्यानें किंवा तिसऱ्या हिश्शानेंच खावा असें चरकाचें सांगणें आहे, त्याच्याशीं हें पातळ कापणें जुळतें. देश कोरडा व थंड. काल हेमंताचा, ज्या ऋतूंत जठराग्नि बलवान् असून जड अन्न पचवूं शकतो असें चरक म्हणतो. आणि जेवणारा? तो कायसेरीचा धट्टाकट्टा मेंढपाळ असेल तर उत्तर एक, आणि त्याच शहरांत दिवसभर खुर्चीवर बसणारा, रक्तदाबानें पीडलेला कारकून असेल तर उत्तर अगदीं दुसरें. पदार्थ तोच, शास्त्र तेंच, निकाल दोन. ह्यालाच आयुर्वेद म्हणतात.

आणि परदेशीयांच्या ताटाविषयीं चरकसंहितेची वृत्ति काय होती, तेंहि पाहण्यासारखें आहे. दृढबलानें पूर्ण केलेल्या चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायांत देशोदेशींचें सात्म्य सांगितलें आहे. बाह्लीक, पह्लव, चीन, यवन व शक ह्यांना मांस, गहूं आणि मद्य सात्म्य, प्राच्यांना मासे, सैंधवांना दूध, मलयवासीयांना कंदमुळें, आणि अश्मक, म्हणजे आपल्या गोदावरीकांठचा प्रदेश, व अवंति येथील लोकांना तेल आणि आंबट. ह्या यादींत कोणाची निंदा नाहीं, कोणाला सुधारण्याची घाई नाहीं. ज्याला जें सात्म्य तें जाणून त्याप्रमाणें औषध योजावें, एवढाच उपदेश आहे. सात्म्य म्हणजे मोकळीक नव्हे. मिठाची सवय असलेल्यालाहि मिठाचे दोष चुकत नाहींत, हें चरकानें बजावलें आहे. पण ती सवयहि हळूहळू सोडवावी, एकदम तोडूं नये, असें सांगण्याइतका तो दयाळू आहे. रोग्याला लाजविणें हा उपचार आहे असें त्याला कधीं वाटलें नाहीं.

आतां घराकडे वळूं. कारण ह्या सर्व वादांत पणाला लागलें आहे तें कायसेरीच्या खाटकाचें कांहींच नाहीं, आपल्याच माणसांचें आहे. कोंकण किनाऱ्यावर उन्हाळ्यांत बोंबील आणि सुकट वाळवून ठेवितात आणि समुद्र खवळलेला असतो त्या पावसाळ्यांत तें घरोघर शिजतें. मराठवाड्यांतील महार-मांग समाजांच्या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ह्या पुस्तकांत केली आहे. तींत उन्हांत वाळविलेल्या मांसाच्या चान्या आहेत. ज्यांना रोज ताजें मिळालें नाहीं त्यांनीं मिळेल त्या दिवसाचें अन्न न मिळणाऱ्या दिवसासाठीं राखून ठेविलें, एवढाच ह्या पदार्थांचा इतिहास आहे. आज ह्या घरांतील मुलाला शाळेच्या डब्यावरून, भाड्याच्या खोलीवरून, वासावरून जें ऐकावें लागतें, त्याला पूर्वीं सोंवळ्याचा आधार होता. आतां आयुर्वेदाचा दिला जातो. हा आधार खोटा आहे. वादळवाऱ्याच्या पावसाळी दिवशीं आंबट, खारट आणि स्निग्ध रस स्पष्ट असलेलें अन्न घ्यावें, असें चरकानें ऋतुचर्येंत म्हटलें आहे; कोकम, मीठ आणि तेल घातलेलें बोंबलाचें कालवण त्या दिवशीं कोणी थोडेंसें खाल्लें, तर त्यावर ग्रंथ उगारण्यापूर्वीं तो वाचलेला असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, मग मांस खाऊं नये असें म्हणण्याचा आम्हांला अधिकारच नाहीं काय? अवश्य आहे. प्राण्याविषयीं दया वाटते म्हणून खाऊं नका, असें म्हणा. तें थोर कारण आहे. धर्माची आज्ञा म्हणून म्हणा. ज्याचा तो धर्म असेल तो ऐकेल. कायदा म्हणून म्हणा. महाराष्ट्रांत गाय, बैल व वळू ह्यांच्या हत्येस बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्यास शासन करण्यास न्यायालयें आहेत. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस मेलेल्या ढोरांचें मांस सोडा असें बजावलें. तें त्यांनीं स्वाभिमानाच्या नांवानें, उघड उघड सांगितलें. मेलेल्या जनावराचें मांस चरकानेंहि वर्ज्य केलें आहे, पण त्या आधाराची त्यांना गरज पडली नाहीं. प्रत्येक कारणानें आपल्या नांवानें पुढें यावें. दयेनें, धर्मानें, कायद्यानें किंवा नुसत्या किळसेनें वैद्याचा अंगरखा घालून येऊं नये. कारण मग खऱ्या वैद्याचें बोलणेंहि कोणी ऐकेनासें होतें.

हा धोका आतां केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ‘आयुर्वेद आहार’ ह्या नांवाच्या पदार्थांसाठीं नियम केले. प्रमाणग्रंथांच्या आधारें बनविलेल्या अन्नावर आतां तसें नांव आणि चिन्ह छापतां येतें. भेसळीस आळा बसावा म्हणून नियम असावेत, ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु वेष्टनावर द्रव्य छापतां येतें, संस्कार छापतां येतो, फार तर प्रमाणहि छापतां येतें. खाणारा छापतां येत नाहीं. आठांतील जो शेवटचा आणि निर्णायक प्रश्न, तो दुकानाच्या फळीवर कधींच सुटणार नाहीं. ‘आयुर्वेदिक’ हें विशेषण पदार्थाला लागूं लागलें, कीं आयुर्वेद संपला आणि व्यापार सुरू झाला असें समजावें.

म्हणून आमची आहारपंडितांना एवढीच विनंति आहे. कोणाच्या ताटाकडे बोट दाखवावयाचें असेल तर आधीं त्या माणसाला विचारावें: तुझी भूक कशी आहे, काम कोणतें आहे, तुझ्या देशाची हवा कशी आहे, ऋतु कोणता आहे, हें तूं किती खातोस आणि किती वेळां खातोस? ह्या प्रश्नांची उत्तरें ऐकून मग जें सांगावयाचें तें सांगावें. तेवढें ऐकण्याचा धीर नसेल, तर आपली नावड आपल्याच नांवानें सांगावी. चरकाला साक्षीस ओढूं नये. त्याची साक्ष लिहिलेली आहे, आणि ती त्यांच्या बाजूची नाहीं.